मी तिथंच अडकते

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, वाटोळी, बशीएवढी. माझ्या एका बाजूवर लांबलचक ओरखडा आहे आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही. ज्यांना गुळगुळीत तबकड्या आवडतात त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं. मी माझी गोष्ट माझ्या तऱ्हेनं सांगणार.

माझा जन्म दक्षिण लुइझियानातल्या भातगिरण्यांच्या एका गावात झाला. माझ्यात गातो तो वॉरेन फाँटनो. निळ्या डोळ्यांचा गोरा पोरगा. दिवसभर शेतावरचे पंप दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी ब्लूज गायचा. ब्लूज म्हणजे काळ्या लोकांचं गाणं. त्यांच्याच अंगणात बसून तो ते शिकला होता. 'हे तुझं गाणं नव्हे' असं त्याला दोन्हीकडचे लोक सुनावत, पण तो कुणाला भीक घालत नसे. त्याची खोड एकच. मायक्रोफोन समोर आला की बिचारा घाबरायचा आणि मोठ्या शहरातल्या गायकांची नक्कल करू लागायचा.

गाणी ध्वनिमुद्रित झाली ती मॉरिस ब्रूसारच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानामागं. ऑर्गनवर अर्लीन बातीस्त बसली होती. काळी, ठेंगणी आणि तोंडानं फटकळ. माझ्या सुलट बाजूचं गाणं गोडगोड पार पडलं. उलट बाजूचं सुरू झालं आणि वॉरेन पुन्हा नकलेवर गेला. अर्लीनला ते सहन होईना. वाजवता वाजवताच तिनं त्याला दटावलं, "कुणाचा गळा लावलायस रे हा? खरं सांग ना!"

वॉरेन चपापला. पण त्यानंतर तो जे गायला ते त्याचं स्वतःचं होतं. आवाज फाटत होता, पण नकलेचा त्यात लवलेशही नव्हता.

मॉरिसनं कपाळाला हात लावला. "अर्लीन, तुझं बोलणं टेपवर गेलं की गं! परत घ्यायला हवं."

"घे की. सॅक्सोफोनवाला निघाला गिरणीत पाळीवर. त्याच्या जागी तू फुंकणार आहेस?" अर्लीन म्हणाली.

"राहू द्या हो. उलट बाजूचं गाणं ऐकतंय कोण?" वॉरेन म्हणाला.

म्हणून तिचे शब्द माझ्यात राहिले. माझ्यावर नाव मात्र एकट्या वॉरेनचं छापलं. गोऱ्याच्या तबकडीवर काळ्या बाईचं नाव दिसलं तर दुकानदार हात लावणार नाहीत म्हणे. मला त्याचा तेव्हा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

मग माझी रवानगी झाली नाचघरात. ते ओडील नावाच्या बाईचं होतं. सगळं गाव तिला टांट, म्हणजे मावशी म्हणायचं. तिथं नाणं टाकून गाणं लावायची पेटी होती, ज्यूकबॉक्स. त्या काळी नाचघर फक्त गोऱ्यांचं. अर्लीनला त्या दारातून आत पाऊल टाकायची बंदी होती. पण माझ्यात बसून ती थेट आत पोहोचली आणि पहारेकऱ्यांना पत्ताही लागला नाही. लोकांनी सुलट बाजू दोन-चार दिवस ऐकली आणि मग जी उलट बाजू धरली ती सोडलीच नाही.

एका शनिवारी एक धिप्पाड माणूस नाचता नाचता पेटीवर आदळला. सुई घसरली आणि मला ओरखडा पडला, तोही नेमका अर्लीनच्या बोलण्यापाशी. तेव्हापासून मी तिथं अडकू लागले. "खरं सांग ना... खरं सांग ना..." पेटीला कमरेनं धक्का दिल्याशिवाय मी पुढं सरकत नसे. आधी लोक वैतागले. मग त्यांना गंमत वाटू लागली. जो पेटीजवळ असेल तो धक्का द्यायचा आणि बाकीचे अर्लीनचे शब्द ओरडत हवेतच कमरेचा झटका मारायचे. बघता बघता ती नाचाची रीतच होऊन बसली.

एका बड्या जमीनदाराला हे खुपलं. "गोऱ्या माणसाला दटावणारी ही बाई कोण? काढून टाक ती तबकडी," त्यानं टांट ओडीलला फर्मावलं.

टांट ग्लास पुसत होती. ती म्हणाली, "माझ्या पेटीत काय वाजवायचं ते मी ठरवते. तुम्हाला नाचायचं नसेल तर दार तिकडं आहे."

ते माझे भरभराटीचे दिवस होते. पुढं नाचघर बंद पडलं, पेटी भंगारात गेली आणि मी नाताळच्या गाण्यांबरोबर एका खोक्यात धूळ खात पडले. झुरळांनी माझं लेबल कुरतडलं. वॉरेन गेला. अर्लीन तर त्याच्याही कितीतरी आधी गेली होती. माझी कुणी आठवणही काढली नाही.

एक दिवस प्रेस्टन नावाच्या माणसानं मला शोधून काढलं. तो वॉरेनची सगळी गाणी नव्यानं बाजारात आणणार होता. मूळ टेपवर मॉरिसनं केव्हाच खताची जाहिरात भरून टाकली होती. त्यामुळं उलट बाजूच्या गाण्यासाठी उरले होते ती मी एकटी. प्रेस्टननं मला हळुवार धुतलं. माणूस वाईट नव्हता. पण मी अडकले तसा तो म्हणाला, "इथं कुणीतरी ओरडलंय. ओरखडाही इथंच आहे. कॉम्प्युटरवर सगळंच काढून टाकतो."

तबकडी सापडल्याचं ऐकून क्लॉटील तिथं आली होती. अर्लीनची मुलगी. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. घरात आईचे फोटो होते, पण आवाज कसा होता ते तिला ठाऊक नव्हतं. वॉरेननं मरण्याआधी तिला एवढंच सांगितलं होतं, की तो आवाज माझ्यात आहे.

"ओरडणं काय म्हणतोस? ती माझी आई आहे," क्लॉटील म्हणाली.

"मिस क्लॉटील, त्यांचं नाव कुठंच नाही हो. आणि गाणं वॉरेनचं आहे."

"नाव खाल्लंत. आता आवाजही खाणार?"

प्रेस्टन मान खाली घालून बसला, पण त्यानं तिचं ऐकलं नाही. मी नुसतीच बघत राहिले. माझ्या हातात काय होतं?

नवी तबकडी निघण्याआधी गावच्या सभागृहात ती गाणी ऐकवायचं ठरलं. शोभेला म्हणून प्रेस्टननं मलाही तिथं एका जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर ठेवलं होतं. जुने नाचणारे काठ्या टेकत आले. क्लॉटीलही आली, हाताची घडी घालून उभी राहिली. माझं गाणं लागलं, स्वच्छ, गुळगुळीत. ती जागा आली. गाणं न अडकता पुढं सरकलं. पण माणसं अडकली. सगळ्या म्हाताऱ्या कमरांनी एकदम झटका मारला आणि सगळं सभागृह ओरडलं, "खरं सांग ना!"

प्रेस्टनचा चेहरा पडला. क्लॉटील त्याला म्हणाली, "आता यांनाही पुसतोस का?" मग ती लोकांकडं वळली. "इतकी वर्षं माझ्या आईच्या शब्दांवर कमरा हलवल्यात. तिचं नाव काय, असं विचारलंत कधी कुणी?"

मागून एका म्हातारीनं विचारलं, "काय गं नाव होतं तिचं?"

"अर्लीन बातीस्त."

"पोरा, गाणं पुन्हा लाव," म्हातारी प्रेस्टनला म्हणाली. "आणि या वेळी अर्लीनला घेऊन लाव."

प्रेस्टननं मलाच लावलं. नव्या तबकडीवर आता दोन्ही नावं आहेत आणि तिचे शब्दही आहेत. मी मात्र क्लॉटीलच्या घरी आले.

मित्रांनो, जुनी तबकडी हातात आली तर धूळ जरूर पुसा, पण ओरखडा दिसला म्हणून तोंड वाकडं करू नका. आधी ऐका. छापलेल्या नावापेक्षा जास्त माणसं आत असतात.

क्लॉटील मला रविवारी जेवणानंतर लावते. मी तिथंच अडकते. "खरं सांग ना... खरं सांग ना..." धक्का कसा द्यायचा ते आता तिला चांगलं ठाऊक आहे. पण ती तो लगेच देत नाही.