पुरती फेरी

"काकू, समोरूनच ओवाळा ना. फोटोपण छान येईल," हरिओम म्हणाला.

नीलम्मा, माझी बायको, आरतीचं ताट हातात धरून उभीच. विभूती, हळद-कुंकू, लिंबं, नारळ, कापराच्या वड्या, सगळं तिनं घरून आणलेलं. शोरूमवाल्यांनी त्यांचं ताट तयार ठेवलं होतं, पण लोकांच्या ताटानं आपल्या गाडीला ओवाळायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. समोर आमची गाडी. पांढरी शुभ्र, टपावर ही एवढी लाल फीत, बोनेटवर झेंडूचा हार. आणि डावी बाजू भिंतीला अशी चिकटवून लावलेली, की मांजराला जायचं झालं तरी त्यानं पोट आत घ्यावं.

"समोरून ओवाळते की," ती म्हणाली. "पर फेरी कशी मारू? गाडी जरा पुढं घे बरं."

"फेरी म्हणजे?"

"प्रदक्षिणा रे बाबा. कुठल्या गावचा हायेस तू?"

हरिओम म्हणजे लातूरच्या त्या शोरूमचा सेल्समन. गोड बोलणारा पोरगा. एसीत उभं राहून त्याच्या कपाळावर घाम आला होता, तो मला दिसला. मी मध्ये पडलो. भांडण उभं राहायच्या आत त्याला खाली बसवायचं, ही माझी जुनी सवय. गंजगोलाईत कपड्याच्या दुकानात गादीवर बसून जन्मभर साड्या उलगडल्या. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी "चालतंय की", मालक कुरकुरला तरी "चालतंय की". दुकानात मला चन्नबसप्पा कुणी म्हणत नसे. 'चालतंय अण्णा' म्हणत.

"अगं, महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असती," मी म्हणालो. "हिकडून जायचं, हिकडूनच परत यायचं. झालं की!"

काय सुचलं होतं! मी स्वतःवरच खूश झालो. हरिओमनं तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याला फासावरून खाली उतरवलं.

"ही काय महादेवाची पिंड हाय?" नीलम्मा म्हणाली. "वाहन हाय हे. म्हणजे नंदी झाला. पोळ्याला बैलाचं एकच शिंग रंगवता का तुम्ही?"

तिचा धाकटा भाऊ मल्लिनाथ पहाटेच्या बसनं जळकोटकडच्या गावाहून आला होता. या शोरूममध्ये त्याच्या ओळखीचं कुणीतरी होतं, म्हणून बुकिंग त्यानंच करून दिलेलं. तो मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. "अक्का, उगं येळ लावू नको. अव्वा तिकडं वाट बघायलीय," तो म्हणाला. अव्वा म्हणजे या दोघांची आई.

नीलम्मानं ताट माझ्या हातात दिलं आणि हरिओमपुढं हात केला. "चावी."

"काकू, ड्रायव्हर बोलावतो—"

"ड्रायव्हर कशाला? मी शिकलेय."

खरंच शिकली होती. पन्नाशी उलटल्यावर. ड्रायव्हिंग स्कूलमधल्या विशीच्या पोरींमध्ये ही एकटी नऊवारीतली. मला अजून सायकलपलीकडं काही येत नाही. ती आत बसली, आरसा नीट केला, देवाचं नाव घेतलं आणि गाडी भिंतीपासून सोडवून लांबीभर पुढं घेतली. उतरली. माझ्याकडून ताट घेतलं. उजवीकडून निघाली, मागून वळली आणि डाव्या अंगाला येऊन थांबली.

मागच्या डाव्या दाराला मोठा पोचा होता. कडीपासून थेट चाकापर्यंत ओरखडे, आणि त्यावर घाईघाईत पांढरा रंग फासलेला. मल्लिनाथचा व्हिडिओ मात्र चालूच होता.

नीलम्मानं हातातला कापूर पेटवलाच नाही.

आमची खानावळ आहे. लातुरात डॉक्टर व्हायला म्हणून गावोगावची पोरं शिकवणीला येतात, त्यांतली काही आमच्याकडं जेवतात. दुकानाच्या पगारात घर भागेना, तेव्हा नीलम्मानं हे सुरू केलं, आणि आमचं घर खरं तर तिच्या तव्यावर उभं राहिलं. तिच्या हाताखालची पोरं आज कुठं कुठं डॉक्टर आहेत. अव्वानं यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. आधी गावचं राबणं सुटलं नाही, आणि मग कंबर मोडली. बस चढवत नाही, जीपमध्ये बसवत नाही. "एकदा तुझी पंगत डोळ्यानं बघायची हाय," एवढंच म्हातारीचं मागणं. म्हणून तर गाडी. आज श्रावणी सोमवार, आज गाडी घ्यायची, तशीच गावाकडं न्यायची आणि अव्वाला घेऊन संध्याकाळच्या पंगतीला परत यायचं, असं सगळं ठरलेलं.

मॅनेजर आले. हरिओमकडं एक जळजळीत कटाक्ष टाकला आणि आमच्याकडं वळून हसले. "मॅडम, मायनर आहे. तुमची पूजा आज होऊन जाऊ द्या. नंतर सावकाश आणून सोडा, डेंटिंग-पेंटिंग असं करून देतो की तुम्हालाच दार ओळखू येणार नाही. सीटकव्हर आमच्याकडून. मॅट आमच्याकडून. डॅशबोर्डावर देवाची मूर्ती आमच्याकडून."

"काय झालतं गाडीला?" नीलम्मानं हरिओमला विचारलं.

"नांदेडच्या यार्डातून काढताना खांबाला घासली, काकू. मी साहेबांना म्हणलो होतो, आधी सांगू म्हणून..." बोलता बोलता त्यानं जीभ चावली.

"अक्का, रस्त्यावर आली की पोचा पडणारच हाय," मल्लिनाथ हळूच म्हणाला. त्याला ओळखीच्या माणसाची इज्जत पडली होती. "आज न्हाई तर उद्या. अन् अव्वा नवं लुगडं नेसून बसलीय सकाळधरनं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय बोलणार हे तुम्हालाही कळलं असेल.

"चालतंय की," मी म्हणालो. "मागचंच तर दार हाय. आपण पुढं बसणार."

नीलम्मा माझ्याकडं बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग तिनं ताट खुर्चीवर ठेवलं आणि मॅनेजरांकडं वळली.

"साहेब, माझी खानावळ हाय. रोज एवढ्या भाकरी थापायच्या म्हणल्यावर दोनचार करपतात, दोनचार तुटतात. त्या मी पोरांच्या ताटात वाढत न्हाई. ह्यांच्याबी न्हाई. त्या माझ्या. लग्न झाल्यापासून मी तेच खात आले, अन् कधी कुणाला बोलले न्हाई. पर करपलेली बाजू खाली करून मला कुणी वाढंल, अन् त्याचे पैसेबी घेईल, तर ते मी खाणार न्हाई."

"मॅडम, तसा हेतू—"

"पोचा पडला त्याचा राग न्हाई मला. भिंतीला लावून ठिवली, त्याचा राग हाय. दुसरी गाडी द्या, न्हाईतर बुकिंग माघारी द्या."

"दुसरी मागवायची म्हणजे पोळा उलटेल हो!"

"उलटू द्या."

एवढं बोलून तिनं मोबाइल काढला. अव्वाला ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर. सगळी शोरूम ऐकत होती.

"अव्वा, गाडी आज न्हाई येत."

"का गं? पैसे कमी पडले का?"

"न्हाई. पोचा पडलेली हाय. लपवून द्यायलते."

म्हातारीचं वय काय, तब्येत काय. आणि आम्ही एका दारापायी तिला बसवून ठेवणार.

"मग घेऊ नको," अव्वा म्हणाली.

"पर तुला पंगत बघायची व्हती..."

"मी काय आज मरायलेय का? एवढी वर्षं बसले, आणिक बसते. लुगडं घडी करून ठिवते. पुरती आण गं बाई. अर्धीमुर्धी आणू नको."

नीलम्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते तिनं पुसलंसुद्धा नाही. ताट उचललं, नारळ पिशवीत टाकला. जाताना हरिओमजवळ थांबली. "खरं बोललास बघ. जेवायला येत जा आमच्याकडं." त्यानं वाकून नमस्कार केला.

आम्ही ऑटोनं घरी आलो. दारात पोरांनी गाडीसाठी रांगोळी घातलेली. माझी मान खाली. मनात म्हटलं, आता काय सांगायचं यांना? काहीतरी थाप मारावी, कागद राहिले म्हणून सांगावं. तोवर नीलम्मानं सांगूनसुद्धा टाकलं. "गाडी ठोकलेली निघाली रे. मी न्हाई घेतली." पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मेल्यांनो, टाळ्या कशाला वाजवताय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ती पदर खोचून चुलीपुढं बसली. पोरं जेवून गेली, मी जेवलो, आणि सगळ्यांत शेवटी तिनं टोपल्यातून काळी कड आलेली भाकरी आपल्या ताटात घेतली. आजवर हजारदा पाहिलेलं. त्या दिवशी ते दिसलं.

पोळ्याच्या आधी अव्वाला ताप भरला. मल्लिनाथचा फोन आला तसा नीलम्माच्या तोंडचा रंगच उडाला. फोन ठेवून ती माझ्यावरच खेकसली, "तवाच घेऊन टाक म्हणत होता न्हवं? आता बोला की! म्हणा, चुकलं तुझं!"

"बरोबर केलंस तू," मी म्हणालो.

मग ती पहिल्या बसनं गावाकडं गेली आणि अव्वाचा ताप उतरेपर्यंत राहिली. तेवढे दिवस खानावळीच्या भाकरी मी थापल्या. पोरांनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या, देव त्यांना डॉक्टर करो.

पोळा उलटला आणि गाडी आली. तशीच पांढरी. या वेळी हरिओमनं ती हॉलच्या मधोमध लावली होती, चारी अंगांनी मोकळी. नीलम्मानं बोनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, कापूर पेटवला आणि सावकाश पुरती फेरी मारली. तिच्या मागून मी मारली. हरिओमला राहवेना, त्यानंही एक मारली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली आणि तिनं गाडी रस्त्याला घेतली. उदगीर येईपर्यंत मी दारावरचं हँडल सोडलं नव्हतं. "माझा ब्रेक तुमच्या पायाखाली न्हाई, पाय दाबू नका," असं ती दोनदा म्हणाली.

गावात गाडी दारापुढं थांबली तेव्हा अव्वा ओट्यावर बसलेली होती. घडी मोडलेलं नवं लुगडं, कपाळाला विभूती. तापानं पार वाळली होती. मल्लिनाथ तिला धरून आणायला गेला, तर तिनं हात झटकला. काठी टेकत उतरली. आम्हाला वाटलं, आता बसेल आत. ती बसली नाही. एक हात गाडीला टेकवत, एक पाऊल काठीचं, एक तिचं, अशी ती निघाली. उजवीकडून, मागून. डाव्या मागच्या दाराजवळ आली आणि थांबली. तळवा दारावरून खालपर्यंत फिरवला.

"हाय पुरती," ती म्हणाली आणि राहिलेली फेरी पूर्ण केली.

निघायच्या आधी जेवणं. मल्लिनाथची बायको चुलीपुढं आणि भाकरीच्या टोपल्याजवळ अव्वा. स्वयंपाक सुटला तरी वाढायचा मान म्हातारीनं सोडलेला नाही. त्या घरात पहिली भाकरी जावयाची. लग्नापासून ती माझ्याच ताटात पडत आलेली. तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी अव्वानं उचलली, तसं मी सवयीनं ताट पुढं सरकवलं. तिचा हात माझ्या ताटावरून गेला आणि भाकरी नीलम्माच्या ताटात पडली.

"अव्वा, अगं आधी ह्यांना..."

"खा गप. लहानपणी तुला तुटकी खायला मीच शिकवलं," अव्वा म्हणाली. मग तिनं टोपल्यात हात घालून खालची एक भाकरी काढली आणि माझ्या ताटात ठेवली. अर्धी कड काळी. माझ्याकडं बघून म्हणाली, "जावईबापू, चालतंय न्हवं?"

मल्लिनाथ पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच राहिला. नीलम्मानं घास तोंडाशी नेता नेता माझ्याकडं पाहिलं.

"चालतंय की," मी म्हणालो.

करपट होती. कड बाजूला न काढता मी सगळी खाल्ली. शेजारी नीलम्मा मान खाली घालून जेवत होती. ठेच्यानं की कशानं कोण जाणे, नाक ओढत होती. भाकरी संपली तसं तिनं ताट अव्वापुढं केलं.

"आणिक एक दे," ती म्हणाली. "गरम बघून."