खेकडा दाराकडे निघाला

झाई गावच्या नारूचा पाय होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडला, आणि त्यानंतर तो समुद्रावर गेला नाही. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. ओट्यावर बसून जाळी विणायची आणि इतरांच्या होड्या जाताना बघायच्या, एवढंच उरलं. बायको हंसा सुके बोंबील घेऊन डहाणूला जायची, संध्याकाळच्या एस.टी.नं परत यायची.

त्या पावसाळ्यात त्याचा मावसभाऊ भीमा घरी आला. भीमा मालवाहू बोटीवर खलाशी होता. जाताना त्यानं सिंगापूरहून आणलेला लाल रंगाचा लाकडी यो-यो नारूच्या उशाशी ठेवला.

"खेळणं पोरांचं आहे," तो म्हणाला, "पण बोटीवर आम्ही मोठेच त्याच्यासाठी भांडतो."

यो-यो हा शब्द झाईत कुणाच्या तोंडी बसला नाही. सगळे चकरीच म्हणू लागले. तिची दोरी आसाला गच्च बांधलेली नव्हती, नुसती अडकवलेली होती. त्यामुळे नीट सोडली की चकरी खाली जाऊन तिथंच गरगरत राहायची, आणि बोटाला हलका हिसका दिला की वर यायची. जाळं विणून विणून नारूची बोटं तयार होतीच. दिवाळीपर्यंत तो दोरीचा त्रिकोण करून त्यात चकरीला पाळण्यासारखे झोके देऊ लागला. गरगरती चकरी जमिनीला टेकवली की ती तुरुतुरु पुढं पळायची. त्या खेळाला त्यानं खेकडा नाव दिलं. शाळा सुटली की ओट्यासमोर पोरांची गर्दी व्हायची.

हंसाला ते फारसं आवडत नव्हतं. नवरा पोरांत पोर झाला, असं बायका म्हणायच्या. पण एकदा डहाणूला ठाकोरभाई वकिलांच्या घरी बोंबील देताना ती नवऱ्याच्या खेळाबद्दल सहज बोलून गेली, आणि वकिलांची बायको शारदाबेन हातातलं काम टाकून ऐकत राहिली.

"हंसाबेन, आमच्या मीनूच्या वाढदिवसाला आण ना त्यांना! फुगे आहेत, केक आहे, पण पोरं दोन तास काय करणार?"

नारू आधी नाहीच म्हणाला. "मोठ्या लोकांच्या घरी लंगडत जाऊन काय दाखवू?"

"जे इथं दाखवता तेच," हंसा म्हणाली. "पोरं सगळीकडे पोरंच असतात."

एकसष्ट सालचा एप्रिल होता. वकिलांचं घर चिकूच्या वाडीत, बैठं, लांबरुंद. मधल्या खोलीत सतरंजीवर पोरं बसली होती. त्यांच्या मागं कोपऱ्यात तिवईवर पाण्याचा माठ, आणि खालची फरशी पाझरून ओली. नारू समोर उभा राहिला तेव्हा त्याच्या पायाकडे बघून दोन पोरं कुजबुजली. त्याच्या तळहाताला घाम आला. पहिल्याच झटक्याला चकरी वर आलीच नाही, दोरीला लोंबकळत राहिली. पोरं हसली. आतल्या दारात शारदाबेनजवळ उभ्या असलेल्या हंसानं मान खाली घातली.

मग त्यानं पाळणा दाखवला आणि हसणं थांबलं. पोरं गुडघ्यावर उठून बघू लागली. वेणू नावाची शेजारच्या मास्तरांची चिमुरडी सारखी म्हणत होती, "काका, मला द्या ना, मला द्या ना." तो म्हणाला, "नंतर." ती फुरंगटून मागं गेली आणि माठाच्या तिवईला टेकून पाय पसरून बसली.

नारूनं चकरी पुन्हा सोडली, वर घेतली, आणि त्याची नजर वेणूच्या मागं गेली. तिवईच्या पायाशी, ओल्या फरशीवर, काहीतरी हललं. दोरखंडासारखं काळपट वेटोळं सुटत होतं. मग त्यातून डोकं वर आलं. नाग होता.

ओरडलं तर पोरं उठून सैरावैरा धावणार, आणि पहिला पाय तिथंच पडणार. हात थांबवला तर सगळी मागं वळून बघणार. त्यानं चकरी थांबवली नाही. पोरांशी बोलतो त्याच सुरात, हंसाकडे न बघता तो म्हणाला, "हंसा, माठामागं लांब पाहुणा आलाय. पुढचं दार सताड उघड. बेनना बाहेर ने. कुणी आवाज करायचा नाही."

हंसानं माठाकडे पाहिलं आणि पदर तोंडात धरला. मग ती सरकली. दार उघडल्याचा आवाज आला.

"आता खेकडा," नारू म्हणाला. "पण हा भित्रा आहे. पावलं वाजली की बिळात जातो. चवड्यांवर, माझ्या मागून, एकेकानं यायचं."

त्यानं चकरी शहाबादी फरशीवर टेकवली. ती तुरुतुरु दाराकडे निघाली. तो लंगडत मागं, आणि त्याच्या मागं पोरं, ओठांवर बोट ठेवून. चकरी वर घ्यायची, पुन्हा सोडायची, पुन्हा दोन पावलं पुढं. पोरं उंबरठ्यापलीकडे अंगणात उतरत गेली, तिथं शारदाबेन पांढऱ्याफटक चेहऱ्यानं एकेकाला जवळ ओढत होती.

वेणू मात्र जागची हलली नाही. ती रुसली होती.

नारू उंबरठ्यावरून परत वळला. नाग तिच्या पाठीमागं हातभर अंतरावर फणा काढून डुलत होता. नारूनं बोटातला फास सोडवला आणि चकरी तळहातावर ठेवून पुढं केली.

"वेणूताई, आता तुझी पाळी. हळूच उठ, आणि इकडे ये."

"खरंच?"

"खरंच. पण खेकड्याला जागं नाही करायचं."

ती उठली. पायातल्या पैंजणाचा एकच नाद झाला. नाग हलला नाही. ती चवड्यांवर आली, दोन्ही हात पसरून. हाताच्या टप्प्यात आल्याबरोबर नारूनं तिला उचललं आणि अधू पायाची पर्वा न करता अंगणात उडी घेतली. दोघंही धुळीत पडली. चकरी वेणूच्या मुठीत होती, आणि ती हसत होती.

वाडीचा राखणदार हाल्या काठी आणि रिकामं मडकं घेऊन आत गेला. थोड्या वेळानं तो मडक्याच्या तोंडावर फडकं बांधून बाहेर आला आणि खाडीच्या बाजूला चालू लागला. शारदाबेन मटकन पायरीवर बसली आणि रडू लागली. मीनूनं तिला विचारलं, "मम्मी, केक संपला का?" तशी ती रडता रडताच हसली.

केक अंगणातच कापला. पोरांना आणखी खेळ हवे होते. नारूनं दोरी गुंडाळायला घेतली, पण बोटं इतकी कापत होती की गुंडाळी बसेना. हंसानं त्याच्या हातातून चकरी घेतली, दोरी नीट गुंडाळली आणि परत दिली.

"दाखवा," ती म्हणाली. "मीही बघते. आतापर्यंत धड बघितलंच नाही मी."

ऊन उतरेपर्यंत त्यानं खेळ दाखवले. वेणूला तर त्यानं बोट धरून शिकवलं.

परतीच्या एस.टी.त बसायला जागा मिळाली. वाटेतलं बोर्डी यायच्या आतच नारूचा डोळा लागला आणि मान हंसाच्या खांद्यावर कलली. समोरच्या बाकावर झाईच्याच दोन बायका बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींना कोपर मारलं. हंसानं त्यांच्याकडे पाहिलं, बोंबलांची पाटी मांडीवर घट्ट धरली आणि नवऱ्याला हलवलं नाही. खिडकीतून खारं वारं येत होतं.