दोन टोले, थांबून पुन्हा दोन

मी एक जुनी पितळी घंटा आहे. स्वस्थ राहणं मला जमत नाही, हे आधीच सांगून टाकते. वाऱ्याची झुळूक आली की माझ्या आतला लोखंडी गोळा चुळबुळ करू लागतो. त्याला मी माझी जीभ म्हणते. ज्याची जीभच अशी टांगलेली, त्यानं गप्प बसायचं तरी कसं? म्हणून मित्रांनो, आज संध्याकाळ होण्याआधी मला माझी गोष्ट सांगून मोकळं व्हायचंय.

एका ओताऱ्यानं गळके नळ, मोडकी कुलपं आणि पंपाचा एक वाकडा तुकडा वितळवून मला ओतलं. नळांकडून मला सतत आवाज करायची सवय लागली. कुलपांकडून तोंड बंद ठेवायची लागली असती तर बरं झालं असतं, पण ती काही लागली नाही. दुकानात मी गिऱ्हाइकाचा खांदा लागला तरी वाजायचे. ओतारी वैतागून म्हणायचा, "ही एकदाची जाऊ दे बाबा कुणाच्या तरी घरी."

मला घरी नेलं मालकीणबाईंनी. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यांचा आवाज नाजूक, शेत लांबलचक आणि नवरा असा, की एकदा पिकात शिरला की तहानभूक विसरायचा. हाका मारमारून त्यांचा घसा बसला, तेव्हा त्यांनी मला ओसरीच्या आढ्याला टांगलं आणि नवऱ्याला बजावून सांगितलं, "एक टोला म्हणजे पाहुणे आलेत. न थांबता वाजत राहिली तर गुरं पिकात शिरलीत. आणि दोन टोले, थांबून पुन्हा दोन, म्हणजे जेवायला या."

चाळीस वर्षं मी हे काम केलं. दुपार झाली की त्यांचा हात दोरीवर यायचा. दोन, थोडं थांबून दोन. शेताच्या टोकाला एक विटकी टोपी वर व्हायची, वळायची आणि घराच्या दिशेनं चालू लागायची. ती टोपी दिसेपर्यंत मालकीणबाई ओसरीवर उभ्या असायच्या. ती दिसली की घाईघाईनं आत जायच्या, वाट बघत नव्हत्या असं दाखवायला.

पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले. सूनबाई घरात आल्या, त्या फोन करून जेवायला बोलवायच्या. माझी दोरी कुणी कपडे वाळत घालायला नेली. माझ्या पोटात गांधीलमाशीनं मातीचं घर बांधलं. माझा जीव नुसता गुदमरायचा. काम नसलेल्या घंटेसारखी केविलवाणी वस्तू नाही मित्रांनो, कारण ती काहीच न करता सगळ्यांच्या डोक्यावर असते.

मग मालकांच्या मुलाच्या डोक्यात सुगीच्या मेळ्याची कल्पना आली. सुगीच्या दिवसांत चार रविवार शेत शहरातल्या लोकांसाठी उघडं ठेवायचं. भोपळ्यांच्या वाफ्यात मुलांना सोडायचं, ज्याला जो उचलता येईल तो त्यानं निवडायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंढा पसरून फेरी मारायची. आणि मक्याच्या उभ्या पिकात वाटांचा भुलभुलैया करायचा. मका गुडघ्याएवढा असतानाच मालक आणि मालकीणबाई दोरी आणि खुंट्या घेऊन उतरायचे. मालक सांगतील तिथली रोपं कापून वाट करायची. सुगीपर्यंत मका दीड पुरुष उंच व्हायचा आणि त्या वाटा आत गडप व्हायच्या. भुलभुलैयाच्या मधोमध एक उंच खांब रोवला आणि माझं पोट साफ करून, नवी दोरी बांधून मला त्यावर टांगलं. जो खांबापर्यंत पोचेल त्यानं मला वाजवायचं.

काय सांगू, किती वाजले मी! टाळ्या ऐकल्या, शाबासकी मिळाली, माझ्यासोबत फोटो निघाले. पण एक नवीनच दुखणं मागे लागलं. त्या उंचीवरून मला सगळ्या वाटा दिसायच्या. कोण बरोबर चाललंय, कोण भिंतीसारख्या मक्यावर जाऊन आपटणार, सगळं स्पष्ट दिसायचं आणि सांगता काही यायचं नाही. एका कुटुंबानं तर माझा अंतच पाहिला. बाप बसचालक, आई परिचारिका आणि मुलगी, तिला घरचे खारूताई म्हणायचे. बसचालक दर वर्षी आत शिरताना म्हणायचा, "सगळं शहर मला पाठ आहे. मला काय हरवताय?" आणि दर वर्षी पहिल्याच वळणावर डावीकडे वळायचा. अरे बाबा, उजवीकडे! मी वर तळमळायचे. परिचारिकाबाई मागून शांतपणे म्हणायची, "पुढचा थांबा कुठला, साहेब?" खारूताई पोट धरून हसायची.

संध्याकाळी मेळा बंद होताना मालक काठी टेकत एकटेच आत जायचे. कुणी मागे राहिलं नाही ना, ते बघायला. ही शेवटची फेरी त्यांची. एव्हाना नांगरणी मुलाकडे गेली होती, बियाणं मुलगा आणायचा, हिशोबबिशोब सूनबाई बघायच्या. मालकांच्या हातात उरली होती ती एवढी फेरी. गेल्याच्या आदल्या वर्षी त्यात ते मक्याच्या बुडख्यात पाय अडकून पडले. तेव्हा मुलगा म्हणाला होता, "बाबा, आणखी एकदा असं झालं तर मी आत जायला माणूस ठेवणार."  त्या रात्री मालक जेवले नाहीत, असं मालकीणबाई दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होत्या.

आता गेल्या वर्षीचं ऐका. गेल्या वर्षी मुलानं भुलभुलैयाचा आराखडा संगणकावर काढला. नव्या वाटा, नवी वळणं. येणाऱ्याला छापील नकाशा मिळायचा. त्यानं एक मालकांनाही दिला. मालकांनी त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. "माझ्याच शेतात मला नकाशा?" म्हणाले.

त्यातच पहिल्या तीन रविवारी मुलांनी मला इतकं बडवलं, की सूनबाईंचं डोकं उठलं; मालक मात्र त्याच आवाजाच्या अंदाजानं आपली फेरी पुरी करायचे. चौथ्या रविवारी त्या सकाळीच शिडी घेऊन आल्या आणि नवऱ्याचा जाड लोकरी मोजा माझ्या तोंडात कोंबून सुतळीनं बांधून टाकला. मी कळवळले. दिवसभर मुलं दोरी ओढायची, मी धप् धप् करायचे आणि ती हिरमुसून परत जायची. मोजा धुतलेला होता, एवढंच काय ते समाधान.

ऊन कलायला लागलं. मुलगा ट्रॅक्टर घेऊन ओढ्यापलीकडे शेवटची फेरी मारायला गेला होता. मालक काठी घेऊन आत शिरले. जुन्या सवयीनं तीन वेळा उजवीकडे वळले आणि थबकले, कारण तिथं वाट असायची आणि आता नव्हती. ते मागे फिरले. पुन्हा उजवीकडे. पुन्हा मका. माझ्या पोटात गोळा आला. गोळा तसा असतोच, पण हा वेगळा.

आत तेव्हा एकच कुटुंब उरलं होतं, आणि ते कोणतं हे तुम्ही ओळखलंच असेल. मालक त्यांना समोरासमोर भेटले. लगेच एक कणीस हातात घेऊन दाणे दाबून बघायला लागले. "तुम्ही अजून इथंच?" म्हणाले. थोड्या वेळानं दुसऱ्या वळणावर पुन्हा गाठ पडली. पुन्हा कणीस, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम होता. ते कुटुंब खारूताईच्या हातातल्या नकाशावरून फाटकाकडे गेलं. मालकांनी त्यांच्या मागोमाग जायचं होतं की नाही? नाही गेले. पाठ फिरवून आणखी आत गेले आणि एका बंद वाटेच्या टोकाला खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते हाक मारत नव्हते. आपल्याच शेतातून आपल्याला बाहेर काढा म्हणून कुणाला हाक मारायची?

मला सगळं दिसत होतं. खांबापासून जेमतेम पन्नास पावलांवर होते ते. संध्याकाळी त्यांना कमी दिसतं, खाली सगळीकडे बुडखे. आणि मी तोंडात मोजा घेऊन लटकत होते. आयुष्यात इतकी तडफड मी कधी अनुभवली नाही. वारा आला तेव्हा मी सगळं बळ लावून हलले. आवाज आला तो नुसता उशी झटकल्यासारखा.

फाटकावर मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आमचे हे भेटले का आत?"

"तीनदा," खारूताई म्हणाली. "तिन्ही वेळा म्हणाले, तुम्ही अजून इथंच?"

बसचालक हसला. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मक्याकडे बघितलं, मग उन्हाकडे बघितलं.

सूनबाईंनी लाउडस्पीकरचा माईक उचलला. "मी पुकारते. बाबा, जिथे असाल तिथे थांबा, म्हणून सांगते."

"खाली ठेव तो," मालकीणबाई म्हणाल्या.

"आई, अंधार पडेल."

"सगळ्या मेळ्यासमोर त्यांना हरवलेत म्हणून पुकारशील? मग पुढच्या वर्षी माणूस येईल आणि हे ओसरीवर बसून राहतील. ते मला बघवणार नाही." मग त्या खारूताईकडे वळल्या. "बाळ, घंटेपर्यंतची वाट येते तुला?"

"येते की. पण काकू, तिच्या तोंडात मोजा कोंबलाय कुणीतरी."

सूनबाईंनी माईक खाली ठेवला आणि जमिनीकडे बघायला लागल्या. "मीच," त्या म्हणाल्या. "आई, शिडी खांबालाच आहे."

खारूताई पुढे, मागे मालकीणबाई, त्यांच्या मागे परिचारिकाबाई. या वेळी एकही वळण चुकलं नाही. परिचारिकाबाईनं शिडी धरली, खारूताई सरसर वर आली, दातांनी सुतळी सोडवली आणि मोजा खेचून काढला. हवा आत शिरली! पण मी वाजले नाही मित्रांनो. जन्मात पहिल्यांदा मी दम धरला, कारण खाली मालकीणबाईंचा हात दोरीकडे जात होता. किती वर्षांनी तो हात! त्याची पकड मी विसरले नव्हते.

दोन टोले. थोडं थांबून पुन्हा दोन.

पन्नास पावलांवर टोपी डोक्यावर चढली. ती वळली. मालकांनी वाट शोधलीच नाही, मक्याच्या ओळी हातानं बाजूला सारत ते सरळ आवाजाच्या रोखानं चालत आले. पाय उचलून, जपून. चाळीस वर्षं आले होते तसे.

"आलो गं, आलो," ते म्हणाले. "कणसं बघत होतो. एवढी काय घाई?"

"जेवण गार होतंय," मालकीणबाई म्हणाल्या.

तेव्हा पाच वाजले होते. खारूताईनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगी हुशार. तिनं तोंड मिटलं, नकाशा फ्रॉकच्या खिशात घातला आणि म्हणाली, "आजोबा, आम्ही परत हरवलो. आम्हाला बाहेर काढा ना."

"चला," म्हणत मालकांनी तिचा हात धरला. मी वरून बघत होते. प्रत्येक वळणाला ती हात थोडा ओढायची, आणि मालक त्या बाजूला वळायचे. फाटकाशी ट्रॅक्टर घेऊन मुलगा आला होता. मालक त्याला म्हणाले, "आत तिघी होत्या. आणल्या बाहेर." मुलानं मान डोलावली. सूनबाईंनी माईक पेटीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला स्वतः उतरवून ओसरीवर नेलं आणि राख लावून घासलं. मालकीणबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. बराच वेळ घासून झाल्यावर मालकांनी माझ्याकडेच बघत विचारलं, "काल पाच वाजता कसलं गं जेवण?"

"ऐकू आलं ना तुम्हाला?" मालकीणबाई म्हणाल्या. "मग झालं तर."

मालक पुन्हा घासायला लागले. मी तर आधीच लखलखत होते. तरी ते घासत राहिले आणि मी घासून घेतलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी असं कुणीतरी असेल, सगळ्या वाटा मला माहीत आहेत म्हणणारं. ते चुकलं तर दवंडी पिटू नका. त्याच्या ओळखीच्या आवाजात हाक मारा, म्हणजे ते आपल्या पायांनी येईल. आणि घरातली जुनी घंटा, जुनं घड्याळ, जुनं माणूस कटकट करतं म्हणून त्याचं तोंड बांधू नका. नेमकं कधी त्याचं काम पडेल, ते आपल्याला आधी कळत नाही.

आज पुन्हा सुगीच्या मेळ्याचा शेवटचा रविवार आहे. मी खांबावर आहे. ऊन कललंय, आणि मालक काठी घेऊन शेवटच्या फेरीला आत शिरलेत. माणूस ठेवलेला नाही. वाटाही नव्याच आहेत. एकदा उजवीकडे वळले, दोनदा वळले, आता तिसऱ्या वळणाशी थबकून कणीस बघताहेत. माझी चुळबुळ चाललीय. पण खाली सूनबाई येऊन उभ्या आहेत. गेले तीन रविवार त्या बरोबर पाच वाजता येताहेत. कुणी विचारलं तर सांगतात, बाबांच्या जेवणाची वेळ झाली.

त्यांनी दोरी हातात घेतलीय. मला पुरे करू द्या आता, मला वाजायचंय.