घाटात न ओढलेला दांडा

घरात नवी वस्तू आली की आधी तिला नावं ठेवायची, ही आपली जुनीच खोड. गॅस आला तेव्हा भाकरीची चव गेली म्हणालो, कुकर आला तेव्हा तो फुटेल म्हणालो. वाचकहो, तुमच्या घरी असं झालं नसेल तर तुमचं कौतुकच आहे! पण नाशिकच्या एका आरोग्य संस्थेच्या आवारात दोन हजार सहा सालच्या मार्च महिन्यात नेमकं हेच चाललं होतं. आवारात एक गाडी उभी होती आणि ड्रायव्हर हिरामण तोंड वाकडं करून तिच्याभोवती फेऱ्या मारत होता.

गाडी म्हणजे फिरता दवाखाना. डॉक्टर तृप्ती, नर्स आशाताई आणि हिरामण दर महिन्याला चार दिवस सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जायचे आणि त्या गाडीतच राहायचे. झोपायला बाकं, पाण्याची टाकी, छोटा स्टोव्ह, लसींसाठी फ्रीज, असा सगळा संसार चाकांवर. फ्रीज, पंखा आणि दिवे चालावेत म्हणून पाड्यावर पोचल्यावरही डिझेलचं इंजिन दिवसभर घरघरत ठेवावं लागायचं. त्यावर आता रंगनाथकाकांनी तोड काढली होती.

रंगनाथकाकांनी सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल उचलणाऱ्या बॅटरीच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. निवृत्त झाल्यावर माणूस नातवंडं खेळवतो. ह्यांनी भंगारातून तसल्याच एका गाडीची मोटर उचलून आणली. दोन वर्षं खपून ती दवाखान्याच्या गाडीच्या मागच्या चाकांना जोडली आणि बाकांखाली बॅटऱ्या बसवल्या. त्यांच्या मुलाला हे खूळ वाटत होतं, शेजाऱ्यांना तर वाटतच होतं.

"हिरामण, नीट ऐक," काका सांगत होते. "रस्त्यावर इंजिन. चढावर इंजिनाला मोटरचा हात. पाड्यात शिरलास की इंजिन बंद, नुसत्या मोटरवर गाडी. आणि घाट उतरताना हा दांडा खाली ओढायचा. मग चाकंच मोटरला फिरवतात आणि बॅटरी भरते. चढावर खर्च झालेली वीज उतारावर वसूल. दांडा नाही ओढलास तर मात्र पाड्यावर बॅटरी रिकामी."

"आन इंजिन बंद ठिवलं तर लोकं म्हनतील, दवाखाना बंद पडला."

"म्हणू देत! धूर तर बंद होईल? आशाताईंचं दर शिबिरात डोकं दुखतं, ते काय नुसत्या उन्हानं? आपण धूर मागे सोडतो म्हणून आपल्याला वाटतं, तो गेला. तो जातो कुठे रे? कुणाच्या तरी छातीतच ना?"

हिरामणनं मान डोलावली, पण ती नुसतीच डोलावली. बावीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला गडी तो. घाटमाथ्यावर गाडी न्यूट्रल करायची आणि खालपर्यंत वाऱ्यासारखी सोडायची, ही त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांची जुनी शान. ते धोक्याचं आहे हे सगळ्यांना ठाऊक, तरी जो जास्त डिझेल वाचवतो तो खरा ड्रायव्हर! चहाच्या टपरीवर हिरामणचं नाव त्यासाठीच निघायचं. आणि आता हे म्हातारं त्याला दांडा ओढायला शिकवणार?

पहिल्याच फेरीत घाट लागला. त्यानं दांडा ओढून पाहिला, तर कुणी मागून शर्ट धरावा तशी गाडी अडखळली. हिरामणचं डोकंच फिरलं. "आपल्या गाडीला मागनं धरनारा अजून जन्माला यायचाय," असं पुटपुटत त्यानं दांडा परत वर ढकलला, गिअर काढला आणि गाडी सोडली. समोरच्या काट्यावर बॅटरी तळाला गेलेली दिसत होती. त्यानं तिकडे बघितलं आणि नजर रस्त्यावर आणली.

जांभूळपाड्यावर पोचले तेव्हा बाया सावलीला बसूनच होत्या. डॉक्टर तृप्तींनी पंख्याचं बटण दाबलं. पंखा दोन फेरे घेऊन थांबला. "हिरामण, हे काय?"

"बॅटरी संपली मॅडम. मी म्हनलोच हुतो, ही चालायची नाय."

फ्रीजमध्ये लसी होत्या, त्या खराब होऊन चालणार नव्हत्या. डॉक्टर वैतागून म्हणाल्या, "मग कर बाबा इंजिन चालू." हिरामणनं किल्ली फिरवली. घरघर सुरू झाली तसं त्याला जरा बरंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुपारी सातव्या महिन्याची नवसाबाई आली. अंगात रक्त नाही, चालताना धाप लागलेली. डॉक्टरांनी तिला आतल्या बाकावर झोपवून सलाइन लावलं. बाहेर पुरुष उभे, म्हणून आशाताईंनी आडोशाला खिडक्या लावून घेतल्या आणि हवेसाठी मागचं दार फटीएवढं उघडं ठेवलं. मग त्या आणि डॉक्टर बाहेर झाडाखाली बाकीच्या बायांना तपासायला गेल्या. आणि सायलेन्सर नेमका त्याच दाराखाली! तासाभरानं नवसाबाईची सासू लंकाबाई डोकावली आणि किंचाळलीच.

"अवो बाई, पोर बोलंना! डोळं उघडंना!"

डॉक्टर धावल्या. "इंजिन बंद कर! आधी बंद कर! सगळे बाजूला व्हा, तिला बाहेर घ्या!" हिरामणनंच तिला पायांकडून उचललं. झाडाखाली ठेवलं, तोंडाशी सिलिंडरचा ऑक्सिजन धरला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. लंकाबाई सुनेचे तळपाय चोळत होती आणि हिरामणकडे बघतसुद्धा नव्हती. मग नवसाबाईला उलटी झाली, तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. डॉक्टरांनी पोटावर नळी लावून बाळाचे ठोके ऐकले.

"ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "धुरानं झालं हे. अजून थोडा वेळ गेला असता तर दोन्ही जीव गेले असते."

नाशिकला परतले तोवर बातमी संस्थेत आधीच पोचली होती, आणि आपल्याकडे बातमी पोचते तशीच पोचली होती: बॅटरीची गाडी फसली! अध्यक्षांनी सोमवारी बैठक लावली. त्या मोटरचं आणि बॅटऱ्यांचं काय करायचं ते तिथे ठरणार होतं, आणि काय ठरणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मधले तीन दिवस हिरामणला घर खायला उठलं. बसला की उठायचा, उठला की चपला घालायचा, दारापर्यंत जाऊन परत यायचा. शनिवारी तो सहज म्हणून सातपूरला रंगनाथकाकांच्या घरी गेला, तर काका अंगणात चटईवर कागद पसरून बसलेले. डोळे खोल गेले होते.

"ये हिरामण. तिसऱ्यांदा तपासतोय बघ. घाटाची लांबी, गाडीचं वजन, सगळं बरोबर येतंय. तरी बॅटरी भरली नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. त्या पोरीला काही झालं असतं तर रे? मी कुठे तोंड दाखवलं असतं?"

समोर ठेवलेला चहा तसाच टाकून हिरामण निघाला.

घरी त्याची बायको चंद्रभागा ताट वाढून वाट बघत होती. "अवो, जेवान तसंच ठिवता, बोलत नाय. झालंय तरी काय?" तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं.

"खरं सांगितलं तर नोकरी जाईल, चंद्रे."

"जाईल," ती म्हणाली. "नोकरी गेली तर मी भाजीची पाटी घेऊन बसंन. पर त्या म्हाताऱ्याला असं जाळत ठिवलं, तर तुमचं तुमाला तरी जेवान जाईल का?"

सोमवारी कचेरीत सगळे जमले. अध्यक्ष म्हणाले, "रंगनाथराव, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण हा प्रयोग इथेच थांबवू. मोटर काढून टाका." काका उभे राहिले. त्यांनी हात जोडले. "चूक माझी आहे साहेब. उद्याच काढतो."

"काढू नका!" दारात उभा असलेला हिरामण ओरडलाच. सगळ्यांनी वळून पाहिलं. "साहेब, चूक काकांची नाय, मोटरची नाय. मी दांडा वढलाच नाय! घाटात गाडी न्यूट्रल केली. काटा तळाला गेलेला डोळ्यांनी बघितला आन गप बसलो. त्या बाईच्या नाकात गेलेला धूर माझा हाय, साहेब!"

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "आणि हे तू आज सांगतोस? आत्ताच्या आत्ता किल्ली टेबलावर ठेव!"

हिरामणनं किल्ली ठेवली. तेवढ्यात रंगनाथकाका म्हणाले, "साहेब, दोन शब्द बोलू? दोष माझाही आहे. दांडा ओढायला सांगितला, पण बावीस वर्षांची सवय सोडताना माणसाला काय वाटतं, ते मी विचारलंच नाही. नवं यंत्र लोखंडाला जोडलं म्हणजे बसत नाही, ते माणसाच्या मनालाही बसवावं लागतं. आज खरं बोलला तो ड्रायव्हर मला पाहिजे. पुढच्या फेरीला मी त्याच्या शेजारी बसतो. तरी फसली, तर मोटरही काढा आणि मलाही काढा." डॉक्टर तृप्तींनी किल्ली उचलून हिरामणच्या हातात दिली. अध्यक्ष नाइलाजानं एवढंच म्हणाले, "एक फेरी. फक्त एक!"

एप्रिलमध्ये गाडी घाट उतरली ती दांडा ओढून, दमादमानं. मागून दोन जीपा हॉर्न वाजवत पुढे गेल्या, एकानं हातवारे करून चिडवलंही. हिरामणचे कान तापले, पण हात दांड्यावरून हलला नाही. काटा इंचाइंचानं वर चढत होता, आणि शेजारी काका लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते.

पाड्याच्या तोंडाशी इंजिन बंद झालं आणि गाडी मोटरवर गुपचूप आत शिरली. पंखा फिरला, फ्रीज गार राहिला. पण जवळ कुणी येईना! बाया लांबच उभ्या होत्या आणि पुढे लंकाबाई, सुनेचा हात घट्ट धरून.

"आमची पोर त्या गाडीत नाय चढायची."

हिरामण खाली उतरला. सगळ्या पाड्यासमोर त्यानं हात जोडले. "मावशे, त्या दिशी वाईट गाडी नव्हती, मी हुतो. मला शिकवलं तसं मी वागलो नाय. आज वागलोय. तुमी स्वतः बघा, मंग ठरवा."

लंकाबाई गाडीच्या मागे गेली, वाकली, हुंगून पाहिलं. धूर नव्हता, घरघर नव्हती. ती हिरामणसमोर येऊन उभी राहिली. "तू बोलला नसतास, तर आमी जन्मभर गाडीलाच शिव्या दिल्या असत्या रं." तिनं सुनेचा हात सोडला. नवसाबाई पोटाला हात लावून एक-एक पायरी चढली, आणि तिच्यामागे बाकीच्या बाया रांगेला लागल्या. हिरामणनं तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसले.

मंडळी, नवी गोष्ट नापास करायचा हक्क आपल्या सगळ्यांना आहे. पण आधी ती इमानदारीनं वापरली पाहिजे. आपली जुनी सवय सोडायची नाही, आणि धूर झाला की बोट मात्र नव्याकडे दाखवायचं, हे बरं नव्हे. कारण तो धूर आपल्या नाकात जात नाही, तो एखाद्या नवसाबाईच्या नाकात जातो!