सुतकातला स्लॅब

"पाणी बंद म्हंजी बंद! माझ्या भावाची राख अजून निवली न्हाय, आन तुला बांधकाम सुचतंय व्हय रं?" कुशाआत्या भिंतीला टेकून बसली होती, बसल्या जागेवरनंच वराडली.

"बांधकाम कोण करतंय? नुसतं पाणी मारायचं हाय!" सुयोगनं पण आवाज चढवला. "ऊन बघ बाहेर. स्लॅबला चिरा पडतील. अण्णांनी टाकलेला स्लॅब हाय त्यो."

"सुतकात असल्या कामाला हात लावत न्हाईत. आन तू तर अग्नी दिलेला. दहावं झाल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय. समोर दिवा जळतोय, त्याची तरी लाज धर."

सुयोगनं दिव्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. बारामतीच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत सकाळपासनं हेच चाललं होतं. बोलून बोलून दोघांचाही घसा बसला होता, पण माघार कोण घेईना.

अण्णा म्हंजी सुयोगचा बाप, झुंबर इंजिनिअर. बारामती ते इंदापूर ह्या पट्ट्यात माणसानं निम्मी जिंदगी काढली. कुणाचा बंगला, कुठं शाळेची खोली, कुठं पाण्याची टाकी. स्वतः मात्र भाड्याच्या घरात. आत्ता कुठं लासुर्ण्याला, स्वतःच्या रानाच्या कडंला, स्वतःचं घर स्लॅबपर्यंत आलं होतं. स्लॅब टाकला आणि त्याच आठवड्यात, सकाळी साईटवर निघताना बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली वाकले, ते उठलेच न्हाईत.

अग्नी देऊन मातीवरनं माघारी येताना सुयोगचा चुलता रावजीकाका लासुर्ण्याला उतरला. पाण्याच्या मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं, बांधकामावरच्या बादशाह मिस्त्रीला म्हणाला काम बंद ठेव, आणि किल्ली आणून आत्याच्या हातात दिली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मयताच्या घरी असंच करायचं असतं, म्हणून केलं. किल्ली आता आत्याच्या पदराच्या गाठीत होती आणि सुयोगचा डोळा त्या गाठीवरनं हालत नव्हता.

सतरा वर्षांचं पोर. अकरावीत सरांबरोबर भांडून कॉलेज सोडलेलं. एका जागी दहा मिंटं बसवत नसलेलं. आणि आता दिवसभर त्या सतरंजीवर बसायचं. दुखवट्याला बसायला आलेला माणूस पहिलं हेच विचारायचा, "कसं काय झालं?" मग थोरला म्हणून सुयोगनं सांगायचं. सांगून सांगून त्याचा आवाज एसटी स्टँडावरल्या भोंग्यासारखा झाला होता. फलाट तोच, गाडी तीच. ऐकून झालं की माणूस मान हालवायचा, "देवमाणूस होता," म्हणायचा आणि च्या प्यायचा.

देवमाणूस म्हणलं की सुयोगच्या डोक्यात तिडीक जायची. देव कधी पाव्हण्याच्या घरी जाऊन भिंतीवर टिचक्या मारतो का? आत्याच्या पोरीसाठी पणदऱ्याला घर बघायला गेले होते, तवा अण्णांनी पोहे खाता खाता भिंत वाजवली आणि नवरदेवाच्या बापाला म्हणाले, "हितं प्लास्टर सुटलंय बघा." सोयरीक मोडता मोडता राहिली. आत्या महिनाभर बोलली न्हाय. लग्न झालं, आणि पावसाळ्यात ते प्लास्टर नेमकं जावयाच्या ताटात पडलं, तवा बोलली.

आणि बाकीचं काय कुणाला सांगत बसायचं? दुबईची नोकरी आली होती, त्याला अण्णा न्हाय म्हणाले. "तितनं संध्याकाळी घरी कसा येऊ?" एवढंच कारण. साईट इंदापूरच्या पार पलीकडं असली तरी माणूस रात्री जेवायला घरात. सकाळी सुयोगच्या धाकट्या बहिणीच्या, सृष्टीच्या वेण्या तेच घालायचे. दोन वेण्या अशा, की टेप लावला तरी सुताचा फरक निघायचा न्हाय. वर्गातल्या पोरी तिला विचारायच्या, तुझी आई कुठल्या पार्लरमधी शिकली?

सुयोगनं कॉलेज सोडलं त्या दिवशी त्यानं मनाची तयारी केली होती. बाप मारंल, न्हाय तर रडंल. अण्णा एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी गाडीवर बस." साईटवर नेऊन हातात पाईप दिला.

"पाणी मारायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"हे बिगाऱ्याचं काम हाय."

"व्हय. आन बिगारी फोनवर बसत्यात, सिमेंट वाळून जातं. तू फोन खिशात ठेव."

लासुर्ण्याच्या स्लॅबवर सुयोगनंच बादशाहबरोबर आळी बांधली होती. सिमेंटचे बोटभर बांध घालून चौकोन केले आणि त्यात पाणी तुंबवलं. लांबनं भाताच्या खाचरासारखं दिसायचं. अण्णा वर आले, चौकोनात बोट बुडवून बघितलं, आणि काय न बोलता खाली गेले. ह्या माणसाकडनं ह्याच्यापेक्षा जास्त कौतुक कधी मिळालं नव्हतं.

दुपारी बादशाह मिस्त्री आला. त्यानं कसं काय झालं विचारलं न्हाय, खांदा त्यानंच दिला होता. टोपी सारखी करून सतरंजीच्या कडंला बसला.

"चाचा, स्लॅब कसाय?" सुयोगनं विचारलं.

बादशाहनं आत्याकडं बघितलं. "आता काय सांगायचं..."

"सांगा की."

"कडंला केसावाणी चिरा दिसाय लागल्यात. आळी पार कोरडी पडली. आजचं पाणी पडलं तर अजून सावरंल. आसंच ठेवलं तर मग गळणार, कितीबी केमिकल भरा." मग जरा थांबून म्हणाला, "मी मारलं असतं, पर घरच्यांनी बंद म्हणल्यावर माझा हात कसा उठंल?"

आत्या काय दगड नव्हती. तिनं पदराची गाठ चाचपली. "मग तूच मार की बादशाह. तुला कुठं सुतक हाय? ही घे किल्ली आन जा."

मिटलं, असं सगळ्यांना वाटलं. बादशाहनं हात पण पुढं केला.

"न्हाय," सुयोग म्हणाला. "मी जाणार."

"अरं, मी मारतो की. तुझ्यापरीस बरं मारंन."

"ते म्हाईत हाय मला. तरी मीच जाणार."

"बघ! बघ!" आत्या उसळली. "ह्येला स्लॅबची काळजी न्हाय. ह्येला हितनं पळायचंय. बसवंना झालंय ह्येला!"

"व्हय, बसवंना झालंय!" सुयोग ताडकन उठला. "दिसभर बाप मेल्याची गोष्ट सांगतोय मी. माझा बाप तेवढाच होता का? खाली वाकला आन मेला? ते काम अण्णांनी मला दिलंय. चाचाला न्हाय, काकाला न्हाय. मला!"

"आन तुझा बाप? आमचे वडील, तात्या गेले तवा दहा दिस ह्या सतरंजीवरनं हालला न्हाय त्यो. एवढा मोठा इंजिनिअर, पर साईटचं नाव काढलं न्हाय. कसला बाप आन त्याच्या पोटी कसलं हे!"

सुयोग परत सतरंजीवर बसला. खरंच असणार ते. अण्णा थोरल्या माणसांचा शब्द मोडायचे न्हाईत.

"हालले न्हाईत कसे?"

आई बोलली. माती झाल्यापासनं ती आतल्या खोलीच्या दाराशी बसून होती, दिलं तर खायची, न्हाय तर न्हाय. सगळे तिच्याकडं बघाय लागले.

"न्हाणीत जायचे की. टॉवेलात फोन गुंडाळून. तवा इंदापूरच्या टाकीचं काम चाललं होतं. नळ सोडायचे आन फोन लावायचे. पाणी मारलं का, पोती भिजवली का, त्या बाजूला ऊन जास्त हाय, तितं परत मारा."

"मलाच यायचा की त्यो फोन!" बादशाह एकदम बोलला. "मी म्हणायचो, सायेब, नळाचा लय आवाज येतोय, तुमीच मारताय का काय पाणी?"

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. "अगं बया. आन मी सगळ्यांला सांगत व्हते, माझ्या भावाला कुणासमोर रडाय येत न्हाय, म्हणून न्हाणीत जाऊन रडतोय."

"रडत पण होते," आई म्हणाली. "फोन ठेवल्यावर."

आत्याला हसू आलं. तिनं पदर तोंडाशी नेला, पण खांदे हालायचे ते हाललेच, आणि त्यातच तिचे डोळे भरले. मग आई म्हणाली, "वन्स, जाऊ द्या त्याला. त्यालाच जाऊ द्या."

आत्यानं गाठ सोडली. किल्ली सुयोगच्या हातात न देता सतरंजीवर ठेवली.

"पायात चप्पल घालायची न्हाय. कुणाच्या दारात जायचं न्हाय, कुणाच्या हातचं खायाचं न्हाय. दिवं लागायच्या आत माघारी. आन मी व्हय म्हणलेलं न्हाय, सांगून ठेवते. मी फकस्त गाठ सोडली."

"स्लॅबवर पाय पोळतील की त्याचं," बादशाह म्हणाला.

"पोळू देत."

सुयोगनं किल्ली उचलली. जिंकल्यासारखं काय वाटलं न्हाय. पायाला मुंग्या आल्या होत्या, डोळे चुरचुरत होते. असं वाटत होतं, की आडवं व्हावं आणि झोपावं. तेवढ्यात बादशाहचा फोन वाजला. लासुर्ण्यात मोटारीची लाईट आली होती, आणि आली म्हंजी टिकंलच असं काय नसतं. बादशाह गाडी काढायला बाहेर पळाला.

सुयोग उंबऱ्यात पोचतोय तोवर दारात जीप थांबली. शेळगावचे पाव्हणे. फेटेवाला म्हातारा काठी टेकत वर आला, त्यानं सुयोगचा हात घट्ट धरला आणि गळा काढला, "कसं काय झालं रं लेकरा? नीट बस आन सगळं सांग मला."

"आबा, तुमी आत बसा, आत्या सांगंल," सुयोग हात सोडवत म्हणाला. "मला आता निघायला पायजे."