रिकामा ठेवलेला आकडा

मित्रांनो, मी आकड्यांचा एक तक्ता आहे. वयाने जुना आणि स्वभावाने तिरसट. आत्मवृत्त सांगायला बसलेली मंडळी आधी गोड बोलतात. मला ते जमत नाही. माझ्याशी लोक कसे वागले ते ऐका, आणि मग माझे चिडणे रास्त आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही संगणकावर चित्र काढून साठवता, तेव्हा चित्रांचा तो प्रोग्राम स्वतः डिस्कला हात लावत नाही. त्याला तसा अधिकारच नसतो. यंत्राच्या आत कर्नेल नावाचा एक कारभारी बसलेला असतो. फाइल उघडणे, वेळ सांगणे, मेमरी वाटून देणे ही सगळी कामे त्याच्याकडूनच करून घ्यावी लागतात. अशा प्रत्येक विनंतीला सिस्टीम कॉल म्हणतात. आता या कारभाऱ्याची खोड अशी की त्याला नावे कळत नाहीत. ‘फाइल उघड’ म्हणाल तर तो ढिम्म बसून राहील. त्याला आकडा सांगावा लागतो. प्रत्येक कामाला एक आकडा ठरलेला, आणि प्रोसेसरची जात बदलली की पुष्कळदा आकडाही बदलतो. प्रोग्राम आणि कर्नेल यांच्या मध्ये सी लायब्ररी नावाचा दुभाषा उभा असतो. कोणत्या कामाला कोणता आकडा, हे त्या दुभाष्याने ज्यात पाहावे तो तक्ता म्हणजे मी.

माझा जन्म टायरच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर झाला. तिथे लहान यंत्रांसाठी सी लायब्ररी तयार करणारे एक ऑफिस आहे. ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी मला ओळ ओळ करून लिहिले: डावीकडे कामाचे नाव, उजवीकडे आकडा. प्रोसेसरच्या सतरा जाती, म्हणून आम्ही भावंडे सतरा. मी अकरावा. माझ्यात आकडे एकापाठोपाठ सलग येतात. फक्त शेवटाकडे एक आकडा मास्तरांनी गाळला आणि ती ओळ मोकळी ठेवली. त्या आकड्याचे काम इतर जातींच्या कर्नेलला येत होते, माझ्या जातीच्या कर्नेलला अजून येत नव्हते. तरी कर्नेल लिहिणाऱ्यांनी तो आकडा राखून ठेवला, म्हणजे त्याच्या पुढची नवी कामे सगळीकडे आपापल्या त्याच आकड्यावर राहतील. मास्तरांनी हाताखालच्या ताईंना हे तोंडी सांगितले. ताईंनी मान डोलावली. कुणीही ते लिहून ठेवले नाही. हा पहिला गुन्हा, आणि तो माझ्यावर माया करणाऱ्यांनीच केला.

मास्तर निवृत्त झाल्यावर माझी जबाबदारी ताईंवर आली. दर दोन-तीन महिन्यांनी कर्नेलची नवी आवृत्ती येई. ताई तिच्या मूळ फायली उतरवून घेत आणि सतरा जातींसाठी सतरा वेळा एक छोटा प्रोग्राम चालवत. तो प्रोग्राम नवे आकडे काढून देई. मग त्या पडद्यावर फूटपट्टी धरून एकेक ओळ वाचत. पूर्ण दिवस जाई. ऑफिसातले लोक हसत. “ताई, कापड मोजताय का?” असे विचारत. ताई फूटपट्टी न हलवता म्हणत, “तुमच्या अकलेला ठिगळ लावायला पुरेल एवढं काही निघत नाही.”

कौतुक? ते माझ्या वाट्याला एकदाच आले. मास्तर निरोपाच्या भाषणात म्हणाले, “हा तक्ता कधी चुकला नाही.” टाळ्या मास्तरांना मिळाल्या.

मग ताईंच्या लेकीचे बाळंतपण आले आणि ताई पाच आठवड्यांच्या रजेवर गेल्या. नेमकी त्याच वेळी कर्नेलची नवी आवृत्ती आली. ऑफिसच्या साहेबांनी ते काम चकाचककडे दिले.

चकाचक हे त्याचे खरे नाव नव्हे. दिवसातून तीनदा टेबल पुसणारा आणि कुठल्याही कामाला ‘एकदम चकाचक करून टाकतो’ म्हणणारा तो इंजिनिअर. हुशार होता, ते मी नाकारत नाही. हुशार माणसाने केलेली चूक निस्तरायला जास्त माणसे लागतात, एवढेच म्हणतो.

त्याने पहिल्याच दिवशी माझी पडताळणी बंद केली. पडताळणी म्हणजे मला कर्नेलच्या मूळ फायलींशी ताडून पाहणारा एक प्रोग्राम. फरक दिसला की तो लाल खूण दाखवतो. ताई रजेवर, नवे आकडे भरायचे राहिलेले, म्हणून खूण लालच होती. चकाचक म्हणाला, “ही बया रोजच बोंबलते.” आणि तिचे तोंड बांधले.

मग त्याने मला पाहिले. “आकडे हातानं कशाला लिहायचे?” तो स्वतःशीच म्हणाला. “नावं ओळीनं लिहायची, आकडे आपोआप पडतील.” त्याने माझे सगळे आकडे पुसले आणि नावांना वरून खाली क्रमाने नवे दिले. मित्रांनो, रिकामा ठेवलेला आकडा त्यात बुजला. त्याच्या पुढची सात कामे एकेक घर मागे सरकली. माझ्या अंगातून सात हाडे जागची हलली आणि वर तो माणूस म्हणाला, “बघा, कसं सुटसुटीत झालं!”

हे सगळे एका मोठ्या कामासाठी चालले होते. लसींच्या शीतखोल्यांवर बसणारे, तापमान सांभाळणारे यंत्र. तापमान वाढले तर त्याने घंटा वाजवायची. आमची लायब्ररी त्या यंत्राच्या चिपमध्ये भरली जायची होती. एकदा भरली की ती चिप पुन्हा लिहिता येत नाही. चाळीस हजार चिपा भरायच्या होत्या. साठ चिपांचा पहिला ट्रे ऑफिसातच भरून झाला होता, आणि उरलेल्या भरण्यासाठी मूळ प्रत घ्यायला कारखान्याची गाडी गुरुवारी चार वाजता येणार होती.

गुरुवारी सकाळी ताई रजेवरून परतल्या. कोपऱ्यातल्या फ्रिजमध्ये डबा ठेवायला गेल्या, तर आत एक वायर गेलेली दिसली. वायरच्या आतल्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर होता, बाहेरच्या टोकाला तेच नवे यंत्र. पडद्यावर आकडा होता: चार अंश.

“दोन दिवस झाले ताई,” चकाचक अभिमानाने म्हणाला. “चार म्हणजे चार. तसूभर हललं नाही.”

ताई डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. “या फ्रिजचं दार दिवसातून किती वेळा उघडतं?”

“असेल वीस-पंचवीस वेळा. का?”

“आणि आकडा हलला नाही?”

“त्यालाच स्थिर म्हणतात.”

“त्याला मेलेलं म्हणतात,” ताई म्हणाल्या आणि डबा तसाच टेबलावर ठेवून माझ्याकडे आल्या.

मला उघडल्यावर त्यांना फूटपट्टीची गरज पडली नाही. ती मोकळी ओळ कुठे असायला हवी, हे त्यांना घरातल्या जिन्यासारखे पाठ होते. ताईंची एक रीत आहे. बरे असते तेव्हा त्या धाकट्यांना अरे-तुरे करतात, संताप आला की ‘आपण’ म्हणतात.

“हे आपण केलंत?” त्यांनी विचारले.

चकाचकचा चेहरा बदलला. “सुधारलं. मध्येच एक आकडा गायब होता.”

“गायब नव्हता. ठेवलेला होता.”

“मग सगळ्या चाचण्या पास कशा झाल्या?”

“कारण ही पुढची सात कामं नवी आहेत आणि आपल्या चाचण्या जुन्या आहेत. आणि जी चाचणी ओरडली असती, तिला आपण गप्प बसवलंत.”

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. दोघांचे ऐकून ते घड्याळाकडे पाहत म्हणाले, “ताई, गाडी चारला येणार. यंत्र चालतंय, मला डोळ्यांनी दिसतंय. तुमचा तक्ता पुढच्या खेपेला बघू.”

“मग आधी लायब्ररीवरून माझं नाव काढा,” ताई म्हणाल्या. “आत्ता. माझ्या नावाखाली एखाद्या बाळाला खराब लस टोचली जायला नको.”

“तुम्ही लगेच टोकाला जाता हो!”

“नाटक आहे सगळं,” चकाचक पुटपुटला. “पाच आठवडे त्यांच्यावाचून काम अडलं नाही, ते सहन होत नाहीये.”

ताईंनी फ्रिज उघडला, सेन्सर बाहेर ओढला आणि साहेबांच्या हातातल्या चहाच्या कपात बुडवला.

“अहो, माझा चहा!”

“पडद्याकडे बघा.”

वाफा निघणाऱ्या चहात सेन्सर बुडालेला, आणि पडद्यावर चार अंश. घंटा गप्प. एक मिनिट गेले. चार अंश. टायरच्या दुकानातला हातोडा तेवढा ऐकू येत होता. चहावर साय धरली, तरी चार अंशच.

झाले होते असे. यंत्र सुरू होताना एक लहानसा प्रोग्राम जुन्या पद्धतीने पहिले तापमान वाचतो. पुढची सगळी वाचने मुख्य प्रोग्राम करतो, आणि तो सेन्सरची फाइल नव्या पद्धतीने उघडतो. ते नवे काम सरकलेल्या सातांपैकी एक होते. दुभाषा माझ्यात पाहून शेजारच्या कामाचा आकडा सांगत होता. कर्नेल म्हणे, ‘ही विनंती समजली नाही,’ आणि परत पाठवी. मुख्य प्रोग्राम इतका सोशिक की नवे काही हाती आले नाही म्हणून मागचाच आकडा दाखवत राही. मी खोटे बोलत होतो, मित्रांनो. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या तोंडी ते दुसऱ्याने घातले होते.

साहेबांनी तिथूनच फोन करून गाडी थांबवली.

तुम्हाला वाटेल, आता चकाचक पाया पडला असेल. तो उलट ताईंवर तुटून पडला. “बरं, मी चुकलो! पण ती ओळ मोकळी का, हे लिहिलंय कुठं? दाखवा मला! एक शब्द दाखवा!”

ताईंनी सेन्सर कपातून काढून पुसला.

“मास्तरांनी तुमच्या कानात सांगितलं आणि तुम्ही ते दागिन्यासारखं पेटीत ठेवलंत. आम्ही काय स्वप्नात बघायचं?”

हे बोलणे उद्धट होते आणि खरे होते. ताईंचे कान लाल झाले. मला त्या क्षणी दोघांचाही सारखाच राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

दुपारी ताईंनी माझे आकडे पूर्ववत केले, नव्या आवृत्तीचे भरले आणि पडताळणीचे बांधलेले तोंड सोडले. खूण हिरवी झाली. यंत्रात नव्याने भरलेली चिप बसवून त्यांनी सेन्सर मुठीत धरला. आकडा चढू लागला आणि घंटा इतक्या जोरात वाजली की खालून टायरवाला विचारायला वर आला.

उरल्या त्या साठ चिपा. त्या चुकून कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून साहेबांनी हुकूम सोडला: प्रत्येक चिप मोडायची, आणि ते काम दोघांनी मिळून करायचे. शुक्रवारी ताई आणि चकाचक एका टेबलाशी समोरासमोर बसले. ताई पक्कड लावत, तो चिपेचे धातूचे पाय मोडे आणि मोजे. पस्तिसाव्या चिपेपर्यंत दोघांत एक अक्षर नाही.

मग तो वर न बघता म्हणाला, “ते काम त्या प्रोसेसरला कधी आलंच नाही तर?”

“तर ती ओळ मोकळीच राहील.”

“कायमची?”

“कायमची.”

“मग लिहून टाका एकदाचं.”

“तू लिही,” ताई म्हणाल्या. “मी लिहिलं तर मला समजेल तेवढंच लिहीन. ज्याला समजलं नव्हतं, त्यानं लिहावं.”

तो रागाने उठला, माझ्याजवळ आला आणि मोकळ्या ओळीवर टीप लिहिली: ‘हा आकडा राखीव आहे. या प्रोसेसरवर हे काम नाही, पण पुढचे आकडे सगळीकडे सारखे राहावेत म्हणून जागा सोडली आहे. ती बुजवू नका. मी बुजवली होती.’ खाली स्वतःचे नाव घातले. ताईंनी येऊन ती टीप फूटपट्टी धरून वाचली, एक स्वल्पविराम काढला आणि त्याच्या नावाशेजारी आपले नाव लिहिले. मग दोघे उरलेल्या पंचवीस चिपा मोडायला बसले. त्यांच्यात आजही फारसे बोलणे नाही.

मित्रांनो, माझी धूळ झटका असे मी सांगत नाही. माझ्यावर धूळ बसत नाही. मला तुमची मायाही नको, तिने मी अर्धामुर्धा बुडालो होतो. तुमच्या हाती जुने काही आले आणि त्यातली एखादी जागा मोकळी दिसली, तर ती भरण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि ती मोकळी का, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने उद्यावर न टाकता आजच चार ओळी लिहाव्यात. एवढे दोन्ही बाजूंनी केलेत, तर माझा राग जाईल असे वचन मी देत नाही. पण शीतखोलीतली लस थंड राहील.