वगीहच्या दारातला डबा

मी डबा बोलतोय. आत सिमेंट, मधोमध लोखंडी दांडी, वजन पंचवीस किलो. कैरोच्या शुब्रा भागात, एका अरुंद गल्लीत, सात नंबरच्या दारासमोर मी सात वर्षं उभा राहिलो. ऊन खाल्लं, धूळ खाल्ली, शिव्या खाल्ल्या. जागा सोडली नाही.

जन्माने मी रंगाचा डबा. ट्रामच्या कारखान्यात माझ्यातला रंग संपला आणि मी कोपऱ्यात पडलो. वगीह तिथे फिटर होता. नोकरी संपली त्या दिवशी त्याने मला घरी आणलं, आणि भंगारातून एका जुन्या ट्रामची दांडी उचलली. माझ्यात सिमेंट ओतलं, दांडी मधोमध सरळ धरली आणि सिमेंट घट्ट होईपर्यंत ती तशीच धरून बसला. दुसऱ्या कुणी दोन विटांचा टेकू दिला असता. वगीहचं काम तसं नव्हतं.

माझं काम सोपं. वगीहची निळी गाडी बाहेर गेली की तिच्या जागेवर मी. गाडी आली की मी पायरीशी. रस्ता सरकारचा, हे मलाही ठाऊक होतं. पण गल्लीत गाड्या शंभर आणि जागा चाळीस. तिथे सरकार कोण बघतो?

ज्यांना जागा मिळत नाही ते दुसऱ्या ओळीत गाडी लावतात, आतली गाडी अडवून. त्याचाही इथे एक रिवाज आहे. बाहेर लावणाऱ्याने गिअर काढायचा, हातब्रेक खाली सोडायचा, चाकं सरळ करायची आणि खुशाल जायचं. आतल्याला निघायचं झालं की सईस बाहेरची गाडी ढकलून वाट करून देतो. आमचा सईस बयूमी. सईस म्हणजे खरं तर घोडे सांभाळणारा. घोडे जाऊन जमाना झाला, गाड्या आल्या, नाव तेच राहिलं. बयूमी गाडीच्या पाठीला खांदा लावतो आणि पुटपुटतो, चल गं बाई, थोडी सरक. गाडी सरकते. या एका रिवाजावर गल्ली चालते.

वगीहबद्दल गल्लीचं मत चांगलं नव्हतं. तो कुणाशी बोलत नसे. कुणी मला जरा सरकवलं की वरच्या गॅलरीतून त्याचा आवाज येई, “ठेव तिथे.” बस, एवढंच. समोरचा इस्त्रीवाला शाकिर म्हणायचा, “हा डबा नाही, सरहद्दीचा खांब आहे. ओलांडायला व्हिसा लागतो.” कहवाखान्यातले हसायचे. मला राग यायचा, कारण मला कारण माहीत होतं आणि त्यांना नव्हतं.

कारण इनायात. वगीहची बायको. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. शनिवार, सोमवार, बुधवार, सकाळी सातला इस्पितळात तिचं रक्त यंत्रातून धुऊन घ्यावं लागे. परत येताना तिच्या अंगात त्राण नसे. गाडी दारातच लागायला हवी होती. गल्लीला वाटे, नवरा-बायको लेकीकडे जातात. वगीह ते तसंच वाटू देई. घरातलं दुखणं रस्त्यावर मांडायचं नाही, असं तो इनायातला बजावत असे. इनायात म्हणे, रस्त्यावर डबा मांडलास तो चालतो?

पाच वर्षं अशी गेली.

एका रविवारी निळी गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून दिवसभर जागेवर मी होतो. संध्याकाळच्या अजानच्या सुमाराला एक मोठी पांढरी गाडी गल्लीत शिरली. एकदा फिरली, दोनदा फिरली, चौथ्यांदा माझ्यासमोर थांबली. चालवणाऱ्याचं नाव हाझेम. चौदा वर्षं कुवेतला काढून नुकताच परत आलेला, नऊ नंबरमध्ये राहायला येऊन चारच दिवस झाले होते. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि वर खिडकीतल्या वगीहकडे बघून अदबीने विचारलं, “चाचा, तासभर लावू का इथे? सामान उतरवायचंय.”

“नाही,” वगीह म्हणाला, आणि त्याने खिडकी लावून घेतली.

थोड्या वेळाने निळी गाडी आली. वगीहने मला बाजूला केलं, गाडी आत लावली. हाझेमने मग आपली गाडी तिच्या बाजूला, दुसऱ्या ओळीत लावली. बयूमी तेव्हा नमाजाला गेला होता. कुवेतला ब्रेक न ओढता गाडी सोडणारा वेडा ठरतो. हाझेमने ब्रेक कचकन ओढला, दारं बंद केली आणि गेला. गल्लीचा रिवाज त्याला कुणी सांगितला नव्हता. सांगायचा तर तो वगीहने. त्याच्याशी बोलला होता तो एकटाच.

दुसऱ्या दिवशी सोमवार. शनिवारी यंत्र बंद पडल्यामुळे इनायातला परत पाठवलं होतं. म्हणजे शेवटचं रक्त धुतलं बुधवारी, पाच दिवसांपूर्वी. तिचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. दारापासून गाडीपर्यंत सहा पावलं, त्यात ती दोनदा थांबली. सव्वासहाला ती गाडीत बसली. बयूमीने पांढऱ्या गाडीला खांदा लावला. गाडी हलली नाही. परत लावला. तो मागे सरकून गाडीकडे बघत राहिला.

“उस्ता, ब्रेक लावलाय,” तो वगीहला म्हणाला. कारागिराला इथे उस्ता म्हणतात.

गाडीच्या काचेमागे फोन नंबर नव्हता. कुणाची गाडी, कुणाला माहीत नव्हतं. वगीहने काल त्या माणसाला नावही विचारलं नव्हतं. वगीहने भोंगा दाबला. खिडक्या उघडल्या, गॅलऱ्यांतून शिव्या आल्या. त्याने परत दाबला. सातच्या पाळीला साडेसातपर्यंत पोचलं नाही की यंत्र दुसऱ्याला देतात. पुढचा नंबर बुधवारी. बुधवारपर्यंत काय होईल ते वगीहला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

शाकिर इस्त्री टाकून आला. काय घाई आहे एवढी, लेक कुठे पळून जाते का, असं काहीतरी म्हणाला. मग त्याने इनायातचं तोंड पाहिलं आणि तो गाडीच्या दाराशी वाकला. बयूमीने टॅक्सी आणतो म्हटलं, पण अशा गर्दीत टॅक्सी आत येत नाही, आणि मोठा रस्ता तीनशे पावलांवर. शाकिर म्हणाला, खुर्ची आणतो, चौघे उचलून नेऊ.

“माझी बायको खुर्चीवर बसून गल्लीतून मिरवणार नाही,” वगीह म्हणाला.

इनायातने काच खाली केली. तिला दम लागला होता.

“वगीह, मला मिरवायचं नाही. मरायचंही नाही. सांग त्यांना.”

मी त्याच्या पायाशीच होतो. त्याचा हात माझ्या दांडीवर होता. मग तो बोलला. फार मोठ्याने नाही.

“तिचं रक्त धुवायला न्यायचंय. सातला. पाच दिवस झालेत.”

शाकिरने बाह्या वर केल्या. कहवाखान्यातले सहा जण आले, फळवाला आला. पांढऱ्या गाडीच्या मागच्या बाजूला सगळे वाकले. बयूमी ओरडला, “हेला... हेला...” मागची चाकं वीतभर उचलली, वीतभर बाजूला पडली. गाडी कर्कश्श बोंबलू लागली. ते थांबले नाहीत.

तिसऱ्या उचलीला हाझेम नऊ नंबरमधून चपला हातात घेऊनच धावत आला. माझी गाडी, माझी गाडी, म्हणत होता. मग घुश्शात वगीहसमोर उभा राहिला.

“काल तासभर जागा मागितली तर खिडकी लावून घेतलीत. दिवसभर इथे डबा बसवला होता. माणसाने गाडी लावायची कुठे, डोक्यावर?”

खरं होतं ते. मीच बसलो होतो. काल ती जागा हाझेमला मिळाली असती तर निळी गाडी दुसऱ्या ओळीत राहिली असती, आणि आज सकाळी सरळ निघून गेली असती. सात वर्षांत मला त्या दिवसाएवढी लाज कधी वाटली नाही.

शाकिरने हाझेमच्या कानात काहीतरी सांगितलं. हाझेमने निळ्या गाडीत वाकून पाहिलं. त्याचा आवाजच बदलला.

“चाची, माझीच गाडी बाहेर आहे. चला, मी सोडतो.”

वगीह जागचा हलेना. अनोळखी माणसाचे उपकार घ्यायची त्याला सवय नव्हती. इनायातने मात्र दार उघडून पाय बाहेर टाकलेच होते.

“नऊ नंबरमधला नवा तो तूच ना? चौदा वर्षं कुवेतला होतास म्हणतात,” ती हाझेमला म्हणाली. “गार हवा तरी येते का हिच्यात?”

“बर्फासारखी, चाची.”

“मग चल. हा मागून चालत येईल.”

वगीह पुढच्या सीटवर बसला. सात वीसला ते पोचले.

त्या दिवसापासून गल्ली बदलली असं मी म्हणणार नाही. भोंगे तसेच, भांडणं तशीच. पण माझ्याकडे बघून कुणी हसलं नाही. हाझेमने काचेमागे नंबर लावला, ब्रेक सोडायला शिकला. निळी गाडी रुसली की पांढरी हजर असे. वगीह त्याला कधी शुक्रिया म्हणाला नाही. त्याच्या गाडीच्या दाराची करकरणारी बिजागरी मात्र न सांगता नीट करून दिली.

इनायात आणखी दोन वर्षं जगली. हिवाळ्यात गेली.

निळी गाडी वगीहने तांता शहरात लेकीकडे पाठवून दिली. मी मात्र जागेवरच राहिलो. मला बाजूला करायला तो खाली आला नाही. आणि ज्या गल्लीत हातभर जागेसाठी माणसं एकमेकांची गचांडी धरतात, तिथे माझ्यामागे अख्ख्या गाडीची जागा रिकामी राहिली. कुणी मला हात लावला नाही. बाहेरचा कुणी थांबला तर बयूमी म्हणे, “पुढे घ्या पाशा. ही भरलेली आहे.”

इनायातच्या दुखवट्याचा चाळिसावा दिवस झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी वगीह खाली आला. मला तिरपं केलं, बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत पायरीशी आणलं. दोनदा दम खाल्ला. हाझेमची गाडी फेऱ्या मारत होती. वगीहने हात केला. मागे घे, आणखी, आणखी, बस.

हाझेम उतरला. “चाचा, तुम्हाला जागा लागली तर?”

“मला आता कुठे वेळेवर पोचायचं नाही.”

सध्या मी बयूमीकडे असतो. माझ्या दांडीत त्याने छत्री खोचली आहे. जागा अडवत नाही, सावली धरतो.

लोकहो, दुसऱ्याच्या गाडीपुढे गाडी लावून निघालात की एकदा मागे वळा. त्या घरात कुणाला कुठे जायचंय ते विचारा. आणि जे माझ्यासारखा डबा मांडून बसलेत त्यांनाही सांगतो, विचारलं की उत्तर द्या. माझ्या मालकाला ते एक वाक्य बोलायला पाच वर्षं लागली. माणसं तोपर्यंत समोरच उभी होती.